मूळचा मेकॅनिकलचा

पिंपळे सौदागर, रहाटणी, वाकड या पट्ट्यातल्या कुठल्याही मोठ्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये शनिवारी सकाळी चक्कर मारली, तर एखाद्या जुन्या गाडीखालून दोन पाय बाहेर आलेले हमखास दिसतात. पायांत महागातले स्पोर्ट्स शूज. हे पाय मेकॅनिकचे नव्हेत, हे कळायला तेवढं पुरतं. मेकॅनिक गाडीखाली जातो तो लवकर बाहेर यायला. हे गृहस्थ जातात ते मुक्कामाला.

वय पंचेचाळिशीच्या आगेमागे. शिक्षण सांगली, कराड अशा ठिकाणी, मेकॅनिकल इंजिनिअरिंगचं. शेवटच्या वर्षी कॉलेजात एक सॉफ्टवेअर कंपनी आली, तिने सिव्हिलवाल्यांनाही नाही म्हटलं नाही तिथे याला कशाला म्हणेल, आणि हा थर्मोडायनॅमिक्स विसरून हिंजवडीला रुजू झाला. तेव्हापासून कुठल्यातरी परदेशी बँकेच्या प्रणालीत तो काहीतरी बदल करतो आहे. काय बदल, ते त्याच्या आईला अजून शेजारणीला सांगता आलेलं नाही. पण बारशात, लिफ्टमध्ये, कुठेही पंखा, पंप, मिक्सर असा विषय निघाला की हा घसा साफ करून म्हणतो, "मी मूळचा मेकॅनिकलचा."

आमच्या सोसायटीतला नमुना घ्या. घरात गाड्या दोन. एक नवी, ऑटोमॅटिक. तिचं बॉनेट उघडलं की काळ्या प्लॅस्टिकचं झाकण दिसतं, म्हणून ती याला आवडत नाही. दुसरी सँट्रो झिंग, पंधरा वर्षं उलटल्यावर आरटीओत खेटे घालून, पर्यावरण कर भरून, आणखी पाच वर्षांसाठी नोंदणी वाढवून आणलेली. हिंजवडीला तो कंपनीच्या बसने जातो, कारण तिथल्या रहदारीत गाडी घालणं त्याच्या जिवावर येतं. सँट्रो जाते डीमार्टला आणि गणपतीत भोरला.

एकदा पंक्चर काढताना कोपऱ्यावरच्या गॅरेजवाल्याने सहज विचारलं, "साहेब, टायमिंग बेल्ट कधी बदललाय?" याला आठवेना. गॅरेजवाल्याने मजुरीचा आकडा सांगितला, तो काही फार नव्हता. वर म्हणाला, "सोडा दोन दिवस गाडी. तुमच्या डोक्याला कशाला ताप?" संपलं. मूळच्या मेकॅनिकलवाल्याला पैशाचं काही वाटत नाही, पण 'तुमच्या डोक्याला' हे त्याच्या जिव्हारी लागतं.

ताप मात्र खराच होता. इंजिनात खाली क्रँकशाफ्ट फिरतो, वर कॅमशाफ्ट फिरतो, आणि दोघांना एका तालात ठेवतो तो हा दातेरी रबरी पट्टा. क्रँकचे दोन फेरे झाले की कॅमचा एक. मिनिटाला तीन हजार फेरे असतील तर प्रत्येक वॉल्व्ह सेकंदाला पंचवीस वेळा उघडतो आणि मिटतो, आणि तेवढ्यात पिस्टन त्याच्या अंगावर येऊन परत गेलेला असतो. चाळीतल्या सामाईक मोरीसारखी ही व्यवस्था आहे: जागा एकच, बिऱ्हाडं दोन, वेळ ठरलेली. बेल्ट तुटला की वेळापत्रक संपतं, वॉल्व्ह वाकतात आणि हेड उतरवावं लागतं. नव्या बऱ्याच इंजिनांत बेल्टऐवजी तेलात भिजलेली लोखंडी साखळी असते. तिच्या मालकांना यातलं काहीच सोसावं लागत नाही, म्हणून आमचा गडी त्यांचा उल्लेख 'चेनवाले' असा करतो, काहीशा कीव आलेल्या स्वरात.

मग तयारी सुरू झाली. तयारी हाच या माणसाचा खरा प्रांत. वॉचमनकडे रोज एक खोकं येऊ लागलं. गोटी पान्यांचा संच आला. मग त्यात नसलेल्या एका गोटीसाठी मोठा संच आला. टॉर्क रेंच आला, त्याची किंमत गॅरेजवाल्याच्या मजुरीला मागे टाकून गेली. "हा काही एकदाच वापरायचा नाही," असं बायकोला सांगण्यात आलं. गाडीच्या दुरुस्तीचं इंग्रजी मॅन्युअल छापून, पंच करून फाइलला लागलं. एक्सेलमध्ये एक तक्ता झाला, त्यात प्रत्येक बोल्टचा नंबर, जागा आणि आवळण्याचा जोर. लिफ्टमध्ये भेटला की तो इतिहासही सांगे: मोटारीला असा रबरी बेल्ट पहिल्यांदा मोठ्या उत्पादनात लावला तो जर्मनीतल्या ग्लास कंपनीने, 1962 मध्ये, 1004 नावाच्या छोट्या गाडीला. सहावा मजला येईपर्यंत हे सांगून होतं. मी सातव्यावर राहतो, त्यामुळे एका मजल्याचा विचार करायला मला वेळ मिळे.

शनिवार उजाडला. बॅटरीची वायर काढली, गाडी जॅकवर चढली, जॅकच्या भरवशावर न राहता खाली स्टँड लागला (इथे त्याला पैकीच्या पैकी गुण), पुढचं उजवं चाक निघालं. एव्हाना टेल्कोतले काका येऊन उभे राहिले होते. कंपनीचं नाव 2003 मध्ये बदललं, काकांनी बदललं नाही. सगळी हयात इंजिनाच्या लाइनवर गेली. पिंपरी-चिंचवडमध्ये गाडी उघडायची तर ही जोखीम असतेच. दर चार दारांआड कुणीतरी मोटारी, स्कूटर नाहीतर त्यांचे सुटे भाग बनवून निवृत्त झालेलं असतं. काका कशालाही हात लावत नाहीत. हात पाठीमागे बांधून, मान थोडी तिरकी करून नुसते बघतात. हे बघणं फार जड असतं.

अडलं ते क्रँक पुलीच्या बोल्टपाशी. हा बोल्ट शंभराहून जास्त न्यूटन-मीटरने आवळलेला असतो, आणि सोडवायला जावं तर बोल्टसकट अख्खं इंजिनच फिरतं. उपाय मॅन्युअलात नव्हता, काकांकडे होता. "पाचव्यात टाका आणि कुणाला तरी ब्रेकवर बसवा." कुणाला तरी म्हणजे बायकोला. तीही आयटीतलीच आणि तिचं त्या दिवशी रिलीज होतं. ती लॅपटॉप मांडीवर घेऊन, कानात हेडफोन घालून स्टिअरिंगमागे बसली.

"दाब!"

"दाबलाय."

"सोडू नकोस!"

"येस, येस, आय अ‍ॅम हिअर," ती म्हणाली. हे दुसऱ्या मीटिंगला.

पान्याला पाइप लागला. पाइपला हा लोंबकळला. पुली मजेत फिरली.

"नीट दाब की!"

तिने माइक बंद केला आणि शांतपणे विचारलं, "अरे, पण गिअरमध्ये टाकलीयस का?"

काकांनी आभाळाकडे पाहिलं. पार्किंगमध्ये आभाळ नसतं, स्लॅब असतो.

बोल्ट सुटला तेव्हा बंदुकीचा बार निघाल्यासारखा आवाज झाला आणि दोन गाड्या पलीकडचा सायरन वाजू लागला. पुढे इंजिनाला खालून टेकू द्यायचा होता, कारण माउंटिंग काढलं की ते एका अंगाला कलतं. जॅक आणि इंजिन यांच्यामध्ये लाकूड हवं. लाकूड म्हणून घरातून जे आलं तो भाऊबीजेचा पाट होता, पितळी फुलं ठोकलेला. पाहुण्यांखेरीज कुणाला बसू न दिलेल्या त्या पाटावर अकराशे सीसीचं इंजिन विराजमान झालं. नणंदेला हे अजून कळलेलं नाही.

आणि मग खूण जुळवणं. इथे मात्र मी या माणसाची थट्टा करू शकत नाही. प्लग काढून ठेवलेले, पान्याने क्रँक हळूहळू फिरवत पहिला पिस्टन वर आणायचा, कॅमच्या पुलीवरची खूण तिच्या जागी, क्रँकची तिच्या जागी. जुन्या बेल्टवर आणि पुल्यांवर त्याने व्हाइटनरचे ठिपके दिले, दात मोजले, मोबाइलवर फोटो काढले, पुन्हा मोजले. एक दात चुकला तरी गाडी लंगडते. ऑफिसात त्याचं काम बरोबर झालं की नाही, हे ठरवायला चार देशांतली माणसं दोन आठवडे पत्रव्यवहार करतात. इथे ठिपका ठिपक्यासमोर आला किंवा नाही आला, एवढंच. नवा बेल्ट चढला, टेन्शनर बसला. त्याने क्रँकला हाताने पुरते दोन फेरे दिले, कुठे अडतंय का ते बोटांना कळावं म्हणून डोळे मिटून. अडलं नाही. खुणा परत समोरासमोर आल्या. "आले," तो इतक्या हळू म्हणाला की काकांनीही पाठीमागचे हात सोडले.

बाकीची जोडाजोड रविवारी झाली. मधल्या वेळात सेक्रेटरींनी 'पार्किंगमध्ये वाहन दुरुस्तीस मनाई' अशी सूचना लावली, आणि तिच्याखालीच उभं राहून त्यांनी आपल्या स्कूटरचा आवाज त्याला ऐकवला. दहा नंबरचा पाना हरवला, तो एअर फिल्टरच्या डब्यावर सापडला. एक बोल्ट उरला. एक्सेलमध्ये शोध घेता तो तक्त्यातच नव्हता. काका म्हणाले, "स्प्लॅश गार्डचा असेल, असू द्या."

किल्ली फिरवल्यावर गाडी पहिल्या झटक्यात सुरू झाली. तो खाली उतरला, बॉनेटवर कान लावून उभा राहिला, आणि बराच वेळ गाडी जागेवरच चालू ठेवली. कुठे जायचं नव्हतंच.

काकांनी जुना बेल्ट उचलला, उलटा वाकवून बघितला, दातांवरून अंगठा फिरवला. "भेग नाही हो कुठे. अजून चालला असता."

"काका, रिस्क कशाला?"

"बरोबर. आता साठ हजार किलोमीटर बघायला नको." काकांनी मनातल्या मनात गणित मांडलं. "वर्षाला किती फिरते तुमची?"

"असेल दोनेक हजार."

"म्हणजे तीस वर्षं." काकांनी बेल्ट त्याच्या हातात दिला. "नातवंडांना सांगून ठेवा."

"नाही काका, रबर आहे ना ते, नुसतं उभ्या गाडीतही जुनं होतं. पाचेक वर्षांनी बदलावाच लागतो."

"मग हे सगळं परत?"

"हो ना!" तो म्हणाला. चेहऱ्यावर ग्रीस होतं तरी आनंद लपला नाही.