एका काट्याचा संसार

दिनकर केळकरांनी दिवे, अडकित्ते जमवत जमवत बाजीराव रोडवर अख्खं संग्रहालय उभं केलं. आपण निदान एखादं घड्याळ तरी आणावं, या थोर विचारानं मी रविवारी जुन्या बाजारात शिरलो.

घड्याळ पितळी होतं. चार ओतीव, कातलेले खांब, वर घंटा, तिच्या पायाशी डॉल्फिन कोरलेली जाळी. काटा मात्र एकच. "मिनिटकाटा गळालाय," असं सांगून मी भाव पाडला आणि घरी पोहोचेपर्यंत स्वतःवरच खूश होतो. मग वाचलं, की सतराव्या शतकातल्या इंग्रजी 'लँटर्न क्लॉक'ला मुळात काटाच एक. १६५६ मध्ये ह्युजेन्सनं लंबकाचं घड्याळ काढेपर्यंत ही यंत्रं दिवसाला पाव तास सहज चुकायची. मिनिटं दाखवून खोटं कशाला बोला? तबकडीवर तासाचे चार भाग, बस्स. (माझं अस्सल की मागाहून केलेली नक्कल, हे जाणकाराला विचारायचं धाडस मी अजून केलेलं नाही.)

वजन हरवलेलं होतं, म्हणून वाण्याकडचं लोखंडी माप दोरीला टांगलं. घड्याळ चालू लागलं. वेळ लावायला मी काटा उलटा फिरवला आणि तिथंच माती खाल्ली. या घड्याळात टोल मोजायला वेगळं चाक असतं. त्याच्या कडेला वाढत्या अंतरावर खाचा. खटका खाचेत पडला की टोल थांबतो. काटा कुठे आहे, याच्याशी त्या चाकाला काही देणंघेणं नाही. रात्री दोन वाजता त्यानं अकरा ठोके दिले.

उपाय सोपा: खटका उचलत जायचं. बारा. एक. दोन. झोपेच्या तारेत मी आणखी एकदा उचलला. तीन! चाक मागे फिरत नाही. पुन्हा दोनवर यायचं तर उरलेला फेरा पुरा करायचा, म्हणजे आणखी ७५ ठोके. दिले. "अहो, घंटेला टॉवेल तरी गुंडाळा," हे बायकोनं सुचवलं तेव्हा बाराचे वाजून झाले होते.

दार वाजलं. खालचे काका, अंगात बंडी, हातात काठी.

"कसली आरती चाललीय? वाजलेत किती, कल्पना आहे?"

मी सवयीनं वळून तबकडीकडे पाहिलं.

"दोन आणि तीनच्या मध्ये कुठेतरी."