गंगेत घोडं न्हालं

वाराणसीत दशाश्वमेध घाटाला खेटून राजेंद्रप्रसाद घाट आहे. त्याचं जुनं नाव घोडा घाट. 14 जून 1986 रोजी पंतप्रधान राजीव गांधींनी याच घाटावरून गंगा कृती योजनेचा श्रीगणेशा केला. जागा निवडणारा अधिकारी मराठीच असणार. गंगेत घोडं न्हालं हे जाहीर करायला याहून सोयीचा घाट अख्ख्या काशीत सापडला नसता. तेव्हापासून दर चार-सहा वर्षांनी कोणी ना कोणी इथे घोडं न्हाऊ घालतो, आणि घोडं दर वेळी आधीपेक्षा मळकं होऊन वर येतं.

पहिल्या न्हाणात दिनापूरला रोज 80 दशलक्ष लिटर, रेल्वे इंजिनांच्या कारखान्यात 12 आणि भगवानपूरला 8 दशलक्ष लिटर मैलापाणी शुद्ध करणारी केंद्रं आली. घाटांवर पंप बसले. घाटाशी जमलेला मैला पंपाने उचलायचा आणि शुद्धीकरणाला पाठवायचा, असा बेत. बेतात खोट काढायला जागा नव्हती. फक्त पंप विजेवर चालायचे आणि वीज उत्तर प्रदेशाची होती. दिवे गेले की पंप थांबत. मैला थांबत नसे, कारण ‘दिवे आल्यावर जाऊ’ असं म्हणून लोक बसून राहत नाहीत.

अर्धवट जळालेल्या प्रेतांसाठी नदीत मांसाहारी कासवं सोडली गेली. रामनगरच्या किल्ल्यापासून मालवीय पुलापर्यंत 7 किलोमीटरचं अभयारण्य त्यांच्या नावे झालं. पगार, बढती किंवा बदलीसाठी एकदाही अर्ज न केलेले योजनेतले हे एकमेव कर्मचारी. पुढे नदीत मालवाहू जहाजांचा जलमार्ग आला आणि अभयारण्याची अधिसूचनाच रद्द झाली. एवढ्या वर्षांत कोणाला घरी पाठवलं असेल तर ते कासवांना!

या सगळ्या काळात सरकारची खरी पंचाईत केली ती वीरभद्र मिश्रांनी. ते संकटमोचन मंदिराचे महंत, आणि बनारस हिंदू विद्यापीठात जलअभियांत्रिकीचे प्राध्यापक. गंगा पवित्र आहे आणि घाण आहे, ही दोन्ही वाक्यं एका दमात म्हणणाऱ्या माणसाला उत्तर द्यायचं कोणी? धर्म खात्याने की नगरविकासने? त्यांचं म्हणणं एवढंच होतं की मैला उताराने आपोआप जातो, तर त्याला उचलता कशाला? घाटांच्या कडेने नळ टाका, तो उताराने शहराखाली न्या, तिथे तळ्यांत ऊन आणि शेवाळ आपलं काम करतील. कॅलिफोर्नियाच्या विल्यम ऑस्वाल्ड या शास्त्रज्ञाबरोबर त्यांनी तसा आराखडाही केला. शिवाय, मैल्यातले जंतू मारायला ऊन चालतं, तुमच्या केंद्रांना ते जमत नाही, हेही ते सांगत राहिले. पण त्यात विजेचं बिल जवळजवळ नाही, यंत्रं थोडी. ज्यात सुटे भाग लागत नाहीत अशी योजना मंजूर करून करायचं काय? फायली फिरत राहिल्या आणि 2013 साली महंतजी गेले.

दरम्यान 2005 साली जपानचं कर्ज ठरलं होतं. 2014 साली काशीचं क्योटो करायचंही ठरलं. कर्जातलं 140 दशलक्ष लिटरचं नवं केंद्र 2018 साली दिनापूरला उभं राहिलं. मग गोइठहाला 120, रमनाला 50. रमनाच्या बाबतीत एक गोष्ट मात्र अकलेची झाली, ती मान्य करू. तिथे ठेकेदाराला बांधताना 40 टक्के रक्कम, उरलेली 60 टक्के 15 वर्षं केंद्र चालवून दाखवताना हप्त्याहप्त्याने. म्हणजे फीत कापली की गाशा गुंडाळायची सोय नाही. ही युक्ती सुचायला 1986 पासून 2017 उजाडावं लागलं.

अशी काशीची नवी पंचक्रोशी तयार झाली. जुन्या पंचक्रोशीत कर्दमेश्वरापासून कपिलधारेपर्यंत पाच मुक्काम. नवीत भगवानपूर, रेल्वे कारखाना, रमना, दिनापूर, गोइठहा. सहावं केंद्र नदीपलीकडे रामनगरला, जिथे मेलं तर पुढचा जन्म गाढवाचा अशी काशीकरांची पक्की समजूत. तिथल्या मैल्याची बोळवण 10 दशलक्ष लिटरवर केली आहे. सगळ्यांची बेरीज चारशे वीसच्या घरात जाते. आकडा कोणी मुद्दाम निवडलेला नाही.

आता या पंचक्रोशीला निघायचं कोणी? मैल्याने. आणि नेमका तोच घरातून हलत नाही. केंद्र बांधणं हे एक काम, घरातला संडास मलवाहिनीला जोडणं हे दुसरं काम, दुसरं टेंडर, दुसरं भूमिपूजन. वरुणेपलीकडे केंद्र आधी आलं आणि घरांच्या जोडण्या मागून रांगत आल्या. जोडणीची फीत कापायला कोणता मंत्री बोळात वाकून चेंबरपाशी बसेल? फोटोत काय दिसेल? तोवर मैला सवयीप्रमाणे वरुणेत आणि अस्सीत जात राहिला. शहराला नाव देणाऱ्या या दोन नद्या. त्यातल्या अस्सीला आता रिक्षावाला काय, सरकारी कागदसुद्धा नालाच म्हणतो.

काशीचे घाट आपल्या लोकांनी बांधले, असं आपण छाती फुगवून सांगतो, आणि ते खोटं नाही. अहिल्याबाईंनी विश्वेश्वराचं देऊळ उभारलं. शिंदे, भोसले, पेशवे सगळ्यांचे घाट आहेत. शिंद्यांचा तर इतका भारी झाला की खचला. गटार मात्र एकाही सरदाराने बांधलं नाही. ते काम टांकसाळीतल्या जेम्स प्रिन्सेपने 1820 च्या दशकात केलं. अशोकाची ब्राह्मी लिपी पुढे वाचली तोच हा. गटारात लक्ष घालणाऱ्याला विद्या प्राप्त होते असं दिसतं, पण नंतर कोणी प्रयोग करून पाहिला नाही. जुन्या वस्तीखालून जाणाऱ्या शाही नाल्याचा पुरता नकाशा कोणापाशी नव्हता, म्हणून अलीकडे आत रोबो कॅमेरा सोडावा लागला.

स्नानाच्या पाण्यात 100 मिलिलिटरमागे मैल्याचे जंतू 500 च्या आत असावेत, फार तर 2500 चालतील, असा सरकारी नियम आहे. तुळशी घाटावरच्या संकटमोचन फाउंडेशनच्या प्रयोगशाळेने 2019 च्या सुमारास वरुणासंगमाचे जे आकडे दिले ते कोटींत होते. 2024 साली राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने जिल्हाधिकाऱ्यांनाच विचारलं, तुम्ही हे पाणी पिऊ शकाल का? आपल्या यात्रा कंपनीच्या बसमधल्या काकूंना विचारून पाहा. एका हाताने दशाश्वमेधावर पाच लिटरचा प्लॅस्टिक कॅन भरत असतील, दुसऱ्या हातात सीलबंद पाण्याची बाटली. बाटली पिण्यासाठी, कॅन शेजाऱ्यांसाठी.

शुद्ध केलेल्या पाण्याचं काय करायचं, यावर दिनापूरला उत्तर होतं: शेतीला द्या. आसपासच्या गावांत ते पाटाने गेलं, फुकट पाणी आणि वर खत म्हणून शेतकरी खूश. मग विद्यापीठातल्या संशोधकांनी सांडपाण्यावर पोसलेली भाजी तपासली, तर तीत कॅडमियम, शिसं, निकेल निघालं. कारखान्याचं पाणी आणि घरचं पाणी एकाच नाल्यात घातलं की पालक लोहयुक्त कसा राहणार?

याबाबतीत नागपूर पुढे गेलं, आणि तिथे तर गंगाही नाही. भांडेवाडीला शुद्ध केलेलं 130 दशलक्ष लिटर मैलापाणी महानिर्मितीच्या कोराडी वीजकेंद्रासाठी घेतलं जातं, यंत्रं थंड करायला. बनारसच्या कोणा अधिकाऱ्याला हे सांगावं, तर तो हात जोडून म्हणेल, साहेब, आमच्याकडे पाण्याला काय तोटा? तेव्हा सध्याची वाटणी अशी आहे: घाटावरचा पंप वीज गेली म्हणून बंद, आणि नागपुरात मैलापाण्याने थंड होणाऱ्या यंत्रांच्या विजेवर आजी संध्याकाळी टीव्ही लावून दशाश्वमेधाची गंगाआरती बघतात.