फसली 1348 यांस सांत्वनपत्र

हैदराबाद शहर पोलीस कायदा, फसली 1348 यांस,
मुक्काम पोलीस आयुक्तालय, बंजारा हिल्स, हैदराबाद.

स.न.वि.वि.

आपले वडील बंधू, फसली 1329 चा तृतीयपंथीयांवरचा कायदा, जुलै 2023 मध्ये तेलंगणा उच्च न्यायालयात निवर्तले. वयाची शंभरी उलटली होती. सांत्वनाला उशीर झाला, पण आपल्या घराण्यात उशिराचे कुणी मनावर घेत नाही.

नव्या पिढीसाठी थोडी ओळख. फसली सनात 590 मिळवले की इसवी सन येते, म्हणजे 1919. त्याच साली निजाम मीर उस्मान अली खानांच्या राज्यात उस्मानिया विद्यापीठाचे वर्ग भरू लागले आणि तृतीयपंथीयांची नोंदवही ठेवणारा हा कायदाही अवतरला. कल्पना इंग्रजांची, 1871 च्या गुन्हेगार जमाती कायद्यातली. 1911 चा नवा कायदा करताना साहेबाने हा भाग गाळला होता. त्याने टाकलेला कोट बंधूंनी आठ वर्षांनी उचलून अंगात घातला, तो मरेपर्यंत काढला नाही.

मुले पळवण्याचा, त्यांना नपुंसक करण्याचा ज्यांच्यावर संशय, त्यांची नावे वहीत. संशय कुणाचा, तर वही ठेवणाऱ्यांचाच. वहीतली व्यक्ती बायकी वेशात, दागिने घालून रस्त्यावर दिसली, नाचली, चारचौघांत वाद्य वाजवले, तर वॉरंटविना अटक आणि दोन वर्षांपर्यंत कैद. रस्त्यावर येण्याचीही गरज नव्हती. रस्त्यावरून दिसावे या हेतूने घरात नटून बसणे हाही गुन्हाच. आता जुन्या शहरातल्या गल्लीत उभा असलेला शिपाई डोळ्यांपुढे आणा. वरच्या सज्जात बांगड्या वाजल्या. केस वाळवताना सहज वाजल्या की खालच्याचे लक्ष जावे म्हणून वाजवल्या, हे त्याने मान वर करून ठरवायचे! आणि चारमिनारशेजारच्या लाड बाजारात लाखेच्या बांगड्यांची दुकानेच दुकाने. विकत घ्यायला मनाई नव्हती, हे सरकारचे उपकारच.

1948 मध्ये निजामाची सत्ता गेली, 1956 मध्ये हैदराबाद राज्याचे तीन तुकडे झाले, 2014 मध्ये तेलंगणा झाला. बंधूंनी आडनाव तेवढे बदलले. आधी ‘आंध्र प्रदेश (तेलंगणा क्षेत्र)’, मग नुसते ‘तेलंगणा’. ज्या कारकुनाने शीर्षक दुरुस्त केले त्याने खालची ओळ वाचायची तसदी घेतली नसावी. राज्य जन्माला येण्याच्या दीड महिना आधीच सर्वोच्च न्यायालयाने तृतीयपंथीयांना आपली ओळख आपण ठरवण्याचा हक्क दिला होता. अखेर कायदा नीट वाचला तो ज्यांच्यावर रोखलेला होता त्यांनीच. वैजयंती वसंता मोगली आणि सहकाऱ्यांनी 2018 मध्ये याचिका केली आणि पाच वर्षांनी मुख्य न्यायमूर्ती उज्जल भुयान यांच्या खंडपीठाने बंधूंना घटनाबाह्य ठरवले.

तुमचे मात्र बरे चालले आहे. तुमची पत्रिका 1938-39 ची. हैदराबाद स्टेट काँग्रेसवर स्थापनेआधीच बंदी आली, वंदे मातरम्‌ म्हटले म्हणून उस्मानियातून विद्यार्थी काढले गेले आणि त्यांतल्या कित्येकांना नागपूर विद्यापीठाने सामावून घेतले, तो हा काळ. अशा वेळी सभा-मिरवणुकांचा लगाम आयुक्तांच्या हाती देणारे तुम्ही जन्मलात. आजही मोर्चा काढायचा तर तुमचे कलम 22 आडवे येते. निजामाची गादी गेली, पण ही सोय कुणाही मुख्यमंत्र्याला नकोशी झाली नाही. मला तरी तुमच्या दीर्घायुष्याचे दुसरे कारण दिसत नाही.

तुमची चुलत भावंडे त्या तीन तुकड्यांतल्या आमच्या मराठवाड्यात भेटतात. हैदराबाद कूळवहिवाट कायदा 1950 चा, अतियात चौकशी कायदा 1952 चा. इनामी जमिनीचा वाद निघाला की बीड-परभणीकडे आजही त्यांना शोधत माणसे कचेरीत खेटे घालतात. पण ती बिचारी शेतीवाडीत रमलेली, तुमच्यासारखी लाठी घेऊन फिरत नाहीत.

असो. पत्रास कारण की, बंधूंच्या जाण्यानिमित्त काचीगुड्यात चार माणसे जमवून छोटी सभा घ्यावी, असे आम्हा काही मराठी मंडळींच्या मनात आहे. शोकसभा म्हणवत नाही, कारण ढोलकी वाजणार आहे. त्यासाठी परवानगीचा अर्ज आयुक्तांच्या नावे करायचा की थेट तुमच्या, आणि सोबत किती प्रती जोडायच्या, तेवढे कळवावे.

आपला,
(परवानगी मिळेपर्यंत एकटाच)
एक हैदराबादी मराठी