हिरवळीची चौकशी

ज्या देशात शेजाऱ्याच्या स्वयंपाकघरात काय शिजते याची विचारपूस करणे असभ्यपणाचे मानले जाते, त्याच देशात त्याच्या अंगणातील गवत किती इंच वाढले याची मात्र सारी आळी बारकाईने दखल घेते. आणि गवताने ठरावीक मर्यादा ओलांडली, तर अनेक गावांच्या नगरपालिका प्रथम रीतसर नोटीस बजावतात, तीस दाद न मिळाल्यास आपली माणसे पाठवून गवत कापवितात व त्या कापणीचा खर्च घरमालकाच्या नावे मांडतात. महसूल खात्यात उभी हयात घालवूनही गवतावर एवढा कडक अंमल मी पाहिला नव्हता. आमच्याकडे गायरान म्हणून कागदोपत्री एकदा नोंद झाली, की पुढचा बंदोबस्त गुरे परस्पर करीत.

ओहायोतील आमच्या जावईबापूंची हिरवळ उंचीच्या बाबतीत निर्दोष होती. दोष होता तो समतेचा. त्यांच्याकडे वर बसून चालविण्याचे, ४२ इंच रुंदीचा पट्टा एका फेरीत कापणारे यंत्र आहे. त्यावर ते शनिवारी सकाळी एखाद्या संस्थानिकाच्या गांभीर्याने आरूढ होत. परंतु स्वारी परतल्यावर मागे राहिलेल्या प्रत्येक पट्ट्याची उजवी कड बुटकी व डावी कड उंच असे, आणि असे पट्टे शेजारी शेजारी पडल्यामुळे साऱ्या अंगणास नदीच्या घाटाचे रूप येई. पलीकडचे गृहस्थ कुंपणापाशी येऊन गुलाबांची तोंडभर स्तुती करीत आणि गवताविषयी चकार शब्द काढीत नसत. त्या समाजात याहून कडक ठपका नाही.

या साऱ्या उपद्व्यापाचा मूळपुरुष म्हणजे इंग्लंडातील स्ट्राउड गावचा एडविन बडिंग. गिरणीत लोकरी कापडावरची लव कातरणारे यंत्र पाहून त्याला गवत कापण्याच्या यंत्राची कल्पना सुचली व १८३० साली त्याने तिचे पेटंट घेतले. लोक आपल्याला वेडा म्हणतील या भयाने तो रात्रीच्या अंधारात प्रयोग करी, अशी आख्यायिका आहे. ती खरी असल्यास त्याची दूरदृष्टी वाखाणण्यासारखी म्हटली पाहिजे. तोवर विळ्याने कापलेल्या गवताला कोणी पट्टी लावून पाहत नसे. कापडाचा गुळगुळीतपणा जमिनीकडून अपेक्षिण्याची ही रीत त्या गिरणीतून निघाली आणि जावईबापूंच्या दारापर्यंत येऊन पोहोचली.

"बाबा, मला वाटतं स्पिंडलचं बेअरिंग गेलंय," जावईबापू म्हणाले आणि नवा स्पिंडल, म्हणजे पाते ज्यावर फिरते तो आस, मागविण्याच्या तयारीस लागले. आता मामलेदार कचेरीतला आमचा जुना दंडक असा, की बड्या असामीवर आरोप ठेवण्यापूर्वी दारावरच्या शिपायाची जबानी घ्यावी. म्हणून मी सर्व संशयितांना हजर करविले. पाते बोथट असेल, तर ते गवत कापण्याऐवजी फाडते व गवताच्या काड्यांची टोके पुढे तपकिरी पडतात. पण ते दोन्ही कडा सारख्याच फाडील, एकीवर पक्षपात करणार नाही. ओले गवत डेकच्या, म्हणजे पात्यावरच्या पत्र्याच्या झाकणाच्या, पोटाला थापून बसले असेल, तर कापणी विस्कटते खरी, परंतु पोट खरवडलेले होते. वेगाने हाकण्याचा आरोप जावईबापूंनी स्वतःच फेटाळला. राहिले वाकलेले पाते. इंजिन थंड करून, स्पार्क प्लगची तार काढून, हातांत जाड मोजे चढवून पात्याच्या एका टोकाचे जमिनीपासूनचे अंतर मोजावे, मग पाते फिरवून दुसरे टोक त्याच जागी आणावे. मापे जुळली, तर पाते सरळ. ती जुळली. या सर्व कार्यवाहीत पाणसळ फार उपयोगी पडली, कारण पाणी वाहून जावे म्हणून तेथील गॅरेजची जमीन दाराकडे उतरती करतात, आणि अशा जमिनीवर घेतलेल्या मापाला पुराव्यात किंमत नाही.

अखेर पाळी आली चाकांची. माहितीपुस्तिकेप्रमाणे पुढच्या चाकांत १४ व मागच्या चाकांत १० पौंड हवा असावयास हवी होती. मागच्या उजव्या चाकात जेमतेम ५ भरली. चाक बसले की सांगाडा कलतो, सांगाडा कलला की त्याला टांगलेला डेक कलतो, आणि डेक कलला की संपूर्ण कुटुंबाची अब्रू उजवीकडे झुकते. हवा भरताच अपराधाचा मोठा भाग नाहीसा झाला. उरलेला फरक डेकच्या टांगणीचा नट पान्ह्याने फिरवून दोन्ही बाजूंत अष्टमांश इंचाच्या आत आणला, आणि पुढची कड मागचीहून किंचित खाली ठेवली, म्हणजे पाते तेच गवत मागल्या बाजूने पुन्हा कापीत बसत नाही. स्पिंडलची मागणी तहकूब झाली. पुढल्या शनिवारी पलीकडच्या गृहस्थांनी गुलाबांचा विषय प्रथमच टाळला.

ज्या वाचकांची लेकरे परदेशी अशा यंत्रांवर आरूढ होत असतील, त्यांना एवढीच विनंती, की तिकडे मुक्कामाला गेल्यावर लोणच्याची बरणी पोचती करताच कमी दाबाची हवा मोजणारे मापक आधी विकत घ्यावयास लावावे. मोटारीच्या चाकांचे मापक या कामी घेऊ नये. दहा पौंडांच्या आसपास त्याचा काटा भरवशाचा नसतो.