जोडला म्हणून बोलायचं?

कोल्हापुरात ‘आवाज जरा कमी करा’ म्हणणारा माणूस बाहेरगावचाच असणार, असं धरून चालतात. तेव्हा आवाज किती असावा यावर इथं लिहिण्यात अर्थ नाही. आवाज कुठून यावा, यावर मात्र चार शब्द बोलायला हरकत नसावी, कारण हा निर्णय हल्ली संगणक परस्पर घेऊन टाकतो. वायरलेस स्पीकर जोडला गेला रे गेला, की स्वारी आवाज तिकडे वळवून मोकळी. विचारणं नाही, सांगणं नाही. याला सोय म्हणतात. माझं म्हणणं एवढंच, की ही सोय स्पीकर येताना बहुतेक वेळा बरोबर असते, स्पीकर जाताना साफ चुकते, आणि येण्याजाण्याला एकच नियम लावणं हा खरा घोळ आहे.

पूर्वी हा प्रश्नच नव्हता. १९१५ साली शाहू महाराजांनी पॅलेस थिएटर, म्हणजे आजचं केशवराव भोसले नाट्यगृह, उभं केलं, तेव्हा आवाजाला एकच दार होतं: नटाचा गळा. १९३२ साली ‘प्रभात’नं याच गावात ‘अयोध्येचा राजा’ बोलता केला. बोलपटाचा कर्णा पडद्यामागे बसला आणि तिथून हलला नाही. रेडिओचा आवाज रेडिओतूनच यायचा. आता टेबलावरच्या एका संगणकाला चार तोंडं आहेत. पोटातला बारका स्पीकर, कानातला हेडफोन, एचडीएमआयच्या वायरनं जोडलेला मॉनिटर आणि शिवाय हा ब्लूटूथवाला. चार तोंडं म्हटल्यावर बोलायचं कुणी हे ठरवायला कुणीतरी लागणारच.

वळवावं म्हणणाऱ्यांची बाजू आधी ऐकू. त्यांचं म्हणणं सरळ आहे: पदरचे पैसे घालून आणलेला स्पीकर माणूस बटण दाबून सुरू करतो तो काय शोभेला? त्यातून आवाज यावा म्हणूनच ना? हे बिनतोड आहे. लिनक्सच्या जगात २००४ साली लेनार्ट पोटरिंग यांनी सुरू केलेल्या पल्सऑडिओ या आवाजाचा कारभार पाहणाऱ्या प्रणालीत नेमक्या याच कामासाठी ‘मॉड्यूल-स्विच-ऑन-कनेक्ट’ नावाचा तुकडा आहे. नवं साधन दिसलं की आवाज त्याच्याकडे, एवढंच त्याचं काम. पण त्याच तुकड्यात पुढे अपवादांची भर पडत गेली, आणि तीच मला महत्त्वाची वाटते. एचडीएमआयच्या वाटा वगळायची सोय आली, कारण मॉनिटर ‘मला आवाज काढता येतो’ असं कळवतो आणि पुष्कळदा त्याच्या अंगात स्पीकरच नसतो. संगणक इमानेइतबारे त्याच्याकडे आवाज सोपवतो आणि ऐकणारा मात्र वायरी उपसून बघत बसतो. जोडलेला प्रत्येक जण बोलायला आलेला नसतो, हे त्या तुकड्याच्या कर्त्यांनीच असं लेखी कबूल केलं आहे.

आता राजारामपुरीतल्या दोन खोल्यांच्या एखाद्या फ्लॅटची कल्पना करा. बाहेर चिरंजीव लॅपटॉपवर पुण्याच्या साहेबांबरोबर मीटिंगमध्ये. आत आई अभंग लावायला म्हणून फ्रिजवरचा स्पीकर सुरू करतात. स्पीकरमधली बाई जोडणी झाल्याची इंग्रजीतून द्वाही फिरवते, पण जोडणी झालेली असते शेवटची ओळख असलेल्या लॅपटॉपशी. पुढच्या क्षणी ‘यंदा पगारवाढीचं काही धरू नका’ हे वाक्य साहेब थेट फोडणीच्या कढईवर उच्चारतात. “अगंबाई, हा कोण मेला?” म्हणून आई विचारतात. त्यातच लॅपटॉपनं स्पीकरचा माइकही धरला, तर दुहेरी बोलण्याच्या खात्यात गेलेला आवाज एकपदरी आणि बारीक होतो. साहेब जुन्या टेलिफोनवरून ओरडल्यासारखे ऐकू येतात. यात संगणकाचा दोष काय? कोणता स्पीकर जोडला हे त्याला कळतं. बटण कुणी दाबलं आणि कशासाठी, हे त्याला कधीच कळत नाही, आणि ब्लूटूथच्या आठ-दहा मीटरच्या टापूत आपल्याकडे अख्खं घर मावतं. खासबागेच्या कुस्ती मैदानात कुणीही लंगोट लावून हौद्यात उडी मारली म्हणून त्याची कुस्ती लागत नाही. जोड आधी ठरलेली असते. संगणकानंही तेवढंच पाळावं: घरच्यानं एकदा स्वतः निवडलेल्या साधनाकडेच वळावं, बाकीच्यांनी कडेला बसावं. लिनक्समध्ये आता पल्सऑडिओच्या जागी येत असलेल्या पाइपवायरचा कारभार बराचसा याच वळणावर गेला आहे. हातानं केलेली निवड तो लक्षात ठेवतो.

हे झालं येण्याचं. जाण्याचं प्रकरण जास्त नाजूक आहे. हेडफोनची बॅटरी संपते, जोडणी तुटते, आणि संगणक आवाज पोटातल्या स्पीकरवर आणून चालू ठेवतो. फोनवाल्यांनी यावर कधीच तोड काढली आहे. हेडफोन सुटला की अँड्रॉइड चालू अ‍ॅपला ‘आता गोंगाट होणार’ असा इशारा देतो आणि शहाणं अ‍ॅप गाणं थांबवतं. संगणकांना मात्र ही रीत अजून पुरती अंगवळणी पडलेली नाही. आपला कायदाही फोनच्या बाजूचा आहे. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार लाउडस्पीकर लावायला लेखी परवानगी लागते, आणि रात्री दहा ते सकाळी सहा तो उघड्यावर वाजवता येत नाही. सणासुदीला मध्यरात्रीपर्यंतची सवलत वर्षाकाठी फार तर पंधरा दिवस. महाद्वार रोडवरच्या विसर्जन मिरवणुकीत डॉल्बीची भिंत उभी करणाऱ्या मंडळालाही हे पाठ असतं. म्हणजे आवाज करायला परवानगी लागते. गप्प बसायला कुठलाच अर्ज करावा लागत नाही. चुकून गप्प बसलेल्या संगणकाला एका कळीनं बोलतं करता येतं. चुकून बोललेलं मात्र परत घेता येत नाही. दोन चुकांची किंमत इतकी वेगळी असेल, तर शंका आली की स्वस्तातली चूक करावी, हा साधा व्यवहार झाला.

यावर म्हणतील, मग दर वेळी विचारूनच घ्या की! पण विचारण्याचं हसं कसं होतं ते आपण बघतोच: पडद्यावर चौकट आली की माणूस न वाचता ‘हो’ म्हणतो आणि वर ‘मला कुणी विचारलंच नाही’ म्हणायलाही मोकळा असतो. दुसरे म्हणतील, ऐन रंगात सिनेमा थांबला तर रसभंग होतो. होतो; पण तो एकट्याचा, स्वतःच्या खोलीतला, आणि एका कळीवर भागणारा. ज्यांना एवढ्यानंही पटत नसेल, त्यांनी रात्री साडेअकराला हेडफोनची बॅटरी एकदा संपू द्यावी. राहिलेले मुद्दे शेजारचे काका दारात येऊन, खास कोल्हापुरी भाषेत, समजावून सांगतील.