काचेच्या गोळ्यांचे दप्तर

जर्मनीतील लाउशा या डोंगरी गावच्या काचकारांनी एकोणिसाव्या शतकात नाताळवृक्षासाठी फुंकून घडविलेले, आतून रुपेरी असे पोकळ गोळे पुढे साऱ्या जगाच्या बाजारात गेले खरे. परंतु आमचे एक स्नेही ज्या मुलखात जातात तेथून असा एखादा गोळा, मोज्यांत गुंडाळून व विमानातही मांडीवर घेऊन, घरी आणतात, ही भक्ती अपूर्वच म्हटली पाहिजे. रोथेनबुर्गला ऐन जुलैच्या उकाड्यात, बाराही महिने नाताळ विकणाऱ्या दुकानात त्यांचे दोन तास गेले. गावचा तट पाहावयाचा राहिला. प्रत्येक गोळ्यास चिठ्ठी, चिठ्ठीवर गाव व तारीख, दप्तर चोख. परवा कैरोहून आणलेल्या काचेच्या पिरॅमिडाच्या बुडाशी मला ‘चीनमध्ये निर्मित’ अशी बारीक अक्षरे दिसली. त्यांनी ती अंगठ्याने झाकली आणि पुढचा डबा उघडला.