भुयारवाले गुरुजी

माहूरगडाच्या हत्ती दरवाजात उभं राहून "हे कुणी बांधलं असेल?" असं मोठ्यानं विचारू नये. गुरुजी ऐकतात. निवृत्त शिक्षक, खांद्याला शबनम, तीत टॉर्च, मोजपट्टी आणि पुरातत्त्व खात्याला पाठवलेल्या अर्जांच्या झेरॉक्स. "आदी खाली बसा. इतिहास उभ्यानं कळत नसतो."

मग यादव, बहमनी, इमादशाही, निजामशाही असे एकामागून एक येतात. बापाविरुद्ध बंड केलेला खुर्रम, म्हणजे पुढचा शहाजहान, माहूरला येऊन गेला, हे गुरुजी असं सांगतात की जणू सकाळीच चहा पिऊन गेला. मोगलांच्या बाजूनं लढलेल्या माहूरच्या रायबागन सावित्रीबाई देशमुखांचं नाव मात्र टोपी सारखी केल्याशिवाय घेत नाहीत. १६६१ साली उंबरखिंडीत शिवाजी महाराजांपुढे मोगलांची फजिती झाली, ती त्यांचा सरदार कारतलबखान यानं बाईचं ऐकलं नाही म्हणून, असं गुरुजींचं म्हणणं. यावर चर्चा नाही.

इथवर सगळं ठीक. गाडी घसरते ती भुयारावर. माहूरचं भुयार कंधारला निघतं, कंधारचं औशाला, औशाचं उदगीरला आणि तिथून थेट देवगिरीला. म्हणजे अख्खा मराठवाडा आतून पोकळ! २०१६ साली लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं, तेव्हा यातलं एखादं भुयार कामाला आलं असतं. हे बोलून दाखवलं तर गुरुजी म्हणतात, "इंग्रजांनी बुजवलं." इथे राज्य निजामाचं होतं, पण ते असो.

गडावर सापडणाऱ्या जुन्या खापरांच्या बाबतीत मात्र हाच माणूस कर्मठ. पोरानं एक तुकडा खिशात घातला की दरडावतात: "ठेव जिथला तिथं! जागा हलली की त्याची साक्ष गेली." हे एक वाक्य पुरातत्त्वाच्या पुस्तकाइतकं खरं आहे.

पंचाईत अशी, की भुयाराच्या गोष्टी ऐकून काही मंडळी रात्री कुदळ घेऊन गुप्तधन शोधायला येतात आणि थरावर थर उलटेपालटे करून जातात. सकाळी खड्डा बघून गुरुजी तळमळतात, मोजमाप घेतात, नवा अर्ज लिहितात. अर्जाची नक्कल दाखवून झाली की पुढच्या पाहुण्याला हळूच विचारतात, "भुयार बघायचंय का?"

माहूरला रेणुकेच्या दर्शनाला जाल तेव्हा गडावरही जा. गुरुजी भेटले तर रायबागनबद्दल विचारा, खापरांबद्दल विचारा. भुयाराचा विषय तेवढा काढू नका.